भंडाऱ्यातली माळ

सारजाकाकूच्या आणि आमच्या घरामध्ये एकच भिंत आहे, तीही अर्ध्या विटेची. तिकडे मिरचीची फोडणी बसली की शिंका इकडे येतात, आणि म्हाळसाआजी सुनेवर करवादली की आमची म्हैस रवंथ थांबवून कान टवकारते. त्यामुळे पुढं जे लिहिलंय त्यातलं निम्मं डोळ्यांनी पाहिलेलं आहे आणि निम्मं भिंतीतून आलेलं. भिंतीतलं जास्त खरं धरा. ते कुणी कुणाला दाखवायला बोललेलं नव्हतं.

काकू घरी बसून खड्यांचे दागिने करते. सोनाराचे नाहीत. अकीक, स्फटिक, जांभळा ॲमेथिस्ट असले खरे दगड ओवून केलेले हार, कानातले, बांगड्या. दुपारची भांडी झाली की ती ओट्यावर भाकरीची परात घेऊन बसते. परातीत पीठ नसतं, खडे असतात. बाजूला बारीक तोंडाची पक्कड, तारेचं भेंडोळं आणि मोबाइल. आता शेळगावात परात पुढ्यात घेऊन बसलेली बाई दिसली की रस्त्यानं जाणाऱ्याला काहीतरी बोलल्याशिवाय पाय उचलतच नाही. रावजी तात्या तर रोज थांबतात.

“काय सारजे, खडं निवडतीस? लोकं तांदळातलं खडं काढून टाकत्यात, तू तीच इकतीस व्हय!”

“तात्या, दाताखाली आला तर खडा. गळ्यात गेला की दागिना.”

“मग माझ्या दाताखाली आल्याला दिऊ का आणून?”

“द्या की. पर आदी धुऊन द्या.”

दगडांचं वेड तिला माहेरापासूनच. बापामागं मेंढरं घेऊन हिंडायची तेव्हा ओच्यात गारगोट्या भरायची. ओचा इतका जड व्हायचा की चालताना एका बाजूला कलायची. बाप ओरडायचा, “आगं मेंढरं हाक, दगडं काय हाकतीस!” पुढं लग्न झालं, मेंढरं गेली, आणि बारामतीत बचत गटाच्या बायकांना दागिने करायला शिकवणार म्हणून कळलं, तेव्हा काकू सगळ्यांच्या आधी एसटीत जाऊन बसली. शिकवणाऱ्या मॅडम पुण्याच्या. “आता आपण तार हलक्या हाताने वळवूया हं,” असं साखरेत घोळून बोलायच्या. बाकीच्या बायका शिकून आल्या आणि परत शेवया-पापडांना लागल्या. काकू मात्र तार वळवताना अजूनही स्वतःलाच म्हणते, “हलक्या हातानं हं,” आणि तार मोडली की मॅडमना कधीच माहीत नसलेला एक शब्द म्हणते.

खडा घेताना ती तो आधी गालाला लावून बघते. खरा दगड गार लागतो. प्लॅस्टिक हवं तेवढं चमकेल, पण त्याला तो गारवा काही आणता येत नाही.

या सगळ्या उद्योगाला घरातून पाठिंबा किती, तर नवरा म्हणजे बिरदेवकाका दुधाचा टेम्पो चालवतो, आणि त्याला काहीही विचारा, तो “बघू की” म्हणतो. नवा हार दाखवला, “बघू की.” घर पेटलंय म्हटलं तरी बहुधा तेच म्हणेल. सासू म्हणजे म्हाळसाआजी. तिचा आवाज काढायचा तर खालचा ओठ मिसरी धरल्यासारखा पुढं काढायचा, आणि वाक्य नाकातून सुरू करून आभाळात सोडायचं. “आगं बयाऽ, मणी ववून कुणाचं घर उभं ऱ्हायलंय? गुरं हायती, शेरडं हायती, आन् ही बसलीया गोट्या खेळत!” बरीच वर्षं रोज दुपारी हे आम्ही भिंतीतून ऐकलं. आजीनं त्या परातीला कधी बोट लावलं नाही. ओट्यावरून जाताना परातीला वळसा घालून जायची, जशी काय त्यात इंगळी बसलीय.

उन्हाळ्यात वडगाव निंबाळकरहून एक गाडी आली. गाडीतून आधी एक पिशवी उतरली, मग लीलाबाई उतरल्या, आणि त्यांच्या मागून त्यांची भाची, स्वरूपा. तिचं लग्न ठरलेलं होतं. लीलाबाई म्हणजे तिची आत्या. त्या घरातलं लग्न, जेवणावळ, भांडण, सगळं त्यांच्याच हुकमानं चालतं, हे त्यांनी बसता बसताच कळवलं.

“हे बघा सारजाबाई, आमच्याकडं कमी कशाची न्हाई, कळलं का? सोनं आहे, मोती आहे. पण पोरगी हट्टाला पेटलीय. तुमचा कुठला तो फोटो मोबाइलवर बघितला तिनं. आता मोबाइलपुढं आमचं कोण ऐकतंय, कळलं का?”

प्रत्येक वाक्यामागं त्या असा एक ‘कळलं का’ ठोकतात, दारामागं अडसर लावावा तसा. समोरच्याला ‘व्हय’ म्हणण्यावाचून वाट राहत नाही.

स्वरूपानं पर्समधून रुमाल काढला आणि उलगडला. आत पांढऱ्या दगडाची एक साधी माळ होती. खडे वाटोळे, सायीसारखे, वापरून वापरून जरा मळलेले. दोरा कुजत आलेला.

“आईची आहे,” ती म्हणाली. “मी शाळेत होते तेव्हा ती गेली. रोज हीच घालायची. शेतात पण. मला लग्नात घालायचीय. मधे लाल घालून, जरा भरदार करून द्या. पण पांढरे खडे हेच हवेत.”

काकूनं एक खडा गालाला लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग नुसती मान हलवली.

“जपून, कळलं का,” लीलाबाई उठताना म्हणाल्या. “एकदा हरवलं तर दुसरं आणून भागायचं न्हाई. आमची वहिनी काय परत यायची न्हाई.”

तो हार काकूनं जसा केला तसा दुसरा कुठलाच केला नव्हता. एरवी ती काम करताना टीव्हीवरच्या मालिकेतल्या सासवांना उत्तरं देते. या वेळी टीव्ही बंद. आईचे खडे तिनं कोमट पाण्यात धुतले, प्रत्येकाची भोकं मऊ काडीनं साफ केली, आणि पांढऱ्यानंतर लाल अकीक, मग सोन्याचं पाणी दिलेला बारीक मणी, असं ओवत गेली. दोनदा उसवलं. तिसऱ्यांदा जमलं. मंगळवारी दुपारी हार परातीत पसरला, तेव्हा आमची आईसुद्धा हातातली कुरडयांची पाटी तशीच घेऊन बघत उभी राहिली. लग्न रविवारी होतं आणि हार न्यायला ती मंडळी शुक्रवारी येणार होती. आता फक्त मागचा हुक आणि एक चांगलीशी डबी आणायची राहिली होती. त्यासाठी काकू इंदापूरला गेली.

ती गेली आणि म्हाळसाआजी परातीपाशी आली.

ही गोष्ट भिंतीतून ऐकू येणारी नव्हती, कारण आजी गप्प होती. आम्ही ती कुंपणावरून पाहिली. आजी आधी उभ्यानं बघत होती. मग वाकून. मग चक्क मांडी घालून बसली आणि हार दोन्ही हातांनी उचलला. बिरदेवकाका टेम्पो धूत होता, त्याला म्हणाली, “बिरू, पोरीच्या हाताला येतंय बरं का.”

“बघू की,” काका म्हणाला. मग त्याच्या हातातला पाण्याचा पाइप थांबला, कारण आईच्या तोंडून असलं काही त्यानं ऐकलंच नव्हतं.

आता त्या घराची रीत सांगायला हवी. बिरोबाचा भंडारा लागल्याशिवाय त्यांची कुठलीही नवी वस्तू उंबऱ्याबाहेर जात नाही. टेम्पो आला, भंडारा. कालवड झाली, भंडारा. काकानं नवा मोबाइल घेतला तर आजीनं त्यावर अशी मूठ उधळली की चार्जिंगची पिन आत जाईना. इंदापूरच्या दुरुस्तीवाल्यानं भिंग लावून विचारलं, “ह्यात काय अडकलंय?” काका म्हणाला, “देव.”

काकूच्या दागिन्यांना भंडारा काकूच लावायची. चिमूटभर, आणि लगेच पुसून टाकायची. अकीक काय, स्फटिक काय, कठीण दगड, त्यांना काही होत नाही. पण या वेळी काकू नव्हती, आणि आजीला सुनेचं पहिल्यांदाच कौतुक वाटलेलं होतं. इतक्या वर्षांचं साठलेलं कौतुक चिमटीत कसं मावणार? तिनं देव्हाऱ्यातला भंडाऱ्याचा पितळी डबा काढला, सगळा हार आत ठेवला, वरून भंडारा लोटून पुरता बुजवला, झाकण लावलं आणि डबा देवापुढं ठेवून हात जोडले. ओवून झाल्यावर काकूनं दुपारी हार पुन्हा एकदा पाण्यातून काढला होता, आणि खडे अजून दमट होते.

संध्याकाळी काकू आली तेव्हा आजी दारातच उभी. “तुजा हार देवापाशी ठिवलाय. ऱ्हाऊ दे आजची रात. सकाळी काढ.”

काकू काय बोलणार? तिचं तोंड असं झालं होतं, जसा काही कुणी तिलाच भंडारा लावलाय.

सकाळी भिंतीतून आवाज आला, “आत्याबाई.” एवढाच. मग बराच वेळ पाणी ओतल्याचा आवाज, चोळल्याचा आवाज. मग आजी, “आगं बया.” तेही हळू. आजी हळू बोलली म्हणजे काहीतरी मोठं झालं, हे आमच्या आईनं ओळखलं आणि ती पदर खोचत तिकडं गेली. आम्हीही.

लाल अकीक जसेच्या तसे. सोन्याचे मणी जसेच्या तसे. आणि मधले सगळे पांढरे खडे हरभऱ्याच्या डाळीसारखे पिवळेधमक. काकू ओल्या फडक्यानं पुसत होती आणि फडकं पांढरंच निघत होतं. रंग वर नव्हता, आत गेला होता.

तिनं पुण्याला रविवार पेठेतल्या दुकानदारांना फोन लावला, ज्यांच्याकडून ती खडे मागवते. त्यांचा आवाज कसा, तर बँकेच्या काउंटरवरून आल्यासारखा, कुठंही न थांबणारा. फोटो बघून ते म्हणाले, “मॅडम, हा दगड पितो.”

“काय पितो?”

“समोर येईल ते. चहा, अत्तर, मेंदी, तेल. दिसतो कोरडा, पण पिणारा आहे.”

“मग आता उतरवायची कशी?”

“उतरत नाही मॅडम. कशाला त्रास घेता? तसेच पांढरे, तोच साइज, नवे पाठवतो. उद्या तुमच्या हातात.”

फोन स्पीकरवर होता. बिरदेवकाकानं ऐकलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ‘बघू की’ न म्हणता सरळ बोलला. “मागीव. कुनाला कळतंय?”

“तिच्या आईच्या अंगावर झिजल्यालं हायती ती,” काकू म्हणाली. “कुरिअरनं आई येती व्हय?”

आजी उंबऱ्यावर बसली होती, अगदी आक्रसून, तिकीट न काढता एसटीत बसलेल्या माणसासारखी. ती म्हणाली, “देवाला आवडलं असत्याल गं. म्हून त्यो सोडंना.”

मग उपाय सुरू झाले. आमची आई म्हणाली, साबण. काकूनं धुण्याची वडी घेतली आणि एक खडा चोळला. खडा बघता बघता लालभडक झाला.

“आगं बयाऽऽ, रगात!” आजीनं अशी किंकाळी फोडली की समोरच्या घरातली माणसं जेवणावरून उठून आली. तिनं तिथूनच बिरोबाला हात जोडले, नारळ कबूल केला, मग घाबरून आणखी एक कबूल केला. कुणीतरी म्हणालं, लिंबू लावा. लिंबू पिळल्याबरोबर खडा पुन्हा पिवळा. पाण्यानं धुऊन परत साबण लावला तर परत लाल. एव्हाना रावजी तात्या येऊन थांबलेलेच होते. त्यांनी लाल बघितला, पिवळा बघितला, आणि गंभीरपणे विचारलं, “सारजे, शिग्नल बशिवला का गं दारात? हिरवा कवा लागायचा?”

सगळे हसले. काकू हसली नाही. मग तात्याच ओशाळले आणि काठी टेकत पुढं गेले.

दुपारी काकूनं हार उसवला. लाल बाजूला, सोनेरी बाजूला. आईचे खडे तिनं शेवटचे एकदा धुतले, सुपात पसरले, आणि माडीवर, म्हणजे आमच्या दोघांच्या सामाईक स्लॅबवर, आमच्या कुरडयांच्या शेजारी वाळायला ठेवले. काही उपाय करायचा म्हणून नाही. ओले होते, म्हणून. उद्या वडगावला जाऊन त्या पोरीच्या हातात जसे आहेत तसे द्यायचे आणि काय झालं ते तोंडावर सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं.

त्या संध्याकाळी भिंतीतून ताटल्यांचा आवाज आला, पण काकूच्या जेवणाचा आला नाही. नंतर आजी म्हणाली, “म्या हात लावाया नगं हुता.”

“तुमी पयल्यांदाच हात लावला, आत्याबाई,” काकू म्हणाली. “म्हून तर मला बोलताबी येईना.”

दुसऱ्या दिवशी ऊन असं होतं की स्लॅबवर चप्पल घालूनही पाय चटाचटा उचलावे लागत. जेवणवेळेच्या सुमाराला काकू वडगावला जायची ठेवणीतली साडी नेसून खडे आणायला वर गेली. आणि वरून हाक आली, “आत्याबाईऽऽऽ!” ही हाक म्हणजे घरातली सून सासूला मारते तशी नव्हती. रानात लांडगा दिसल्यावर मेंढरांच्या वाड्यावरच्या माणसांना मारतात तशी होती. आम्ही जिन्यानं धावलो. आजी गुडघे विसरून धावली.

काकूच्या तळहातावर एक खडा होता. वरून पांढरा. ती तो उलटा करायची, पिवळा. सुलटा करायची, पांढरा. पुन्हा उलटा.

“उनानं,” आमची आई म्हणाली. “आगं सारजा, उनानं उडाली! हळदच की ती!”

आता सांगते, आमच्या आळीत एकही बाई अशी नाही जिला ठाऊक नाही की हळदीचा डाग उन्हात उडतो. दर लग्नानंतर हळदीची लुगडी, टॉवेल, बनियन याच स्लॅबवर वाळत पडतात, आणि साबणानं लाल झालेले डागसुद्धा कडक उन्हात जातात, हेही सगळ्यांनी पाहिलेलं. पण तो डबा देव्हाऱ्यातला. त्यात भंडारा होता. भंडारा म्हणजे दळलेली हळद, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आम्ही काल दिवसभर देवाला साबण लावत बसलो होतो.

आजीनं तोंडावर हात ठेवला. “आगं, मग द्येव उनात उडाला व्हय?”

“द्येव न्हाय, आत्याबाई. हळद उडाली. द्येव हाय तितंच हाय.”

“हाय न्हवं?” आजीनं खात्री करून घेतली, आणि मग सुपापुढं बसून बाह्या सारल्या.

सगळे खडे उलटे केले. थोड्या थोड्या वेळानं पाण्याचा हबका मारायचा आणि पापड फिरवावेत तसे फिरवायचे. आजीनं कुणालाच हात लावू दिला नाही. एकेक खडा दोन बोटांत धरून, “हिकडून झाला, आता हिकडून,” असं त्याला समजावत होती. कावळा आला की हातातलं फडकं फिरवायची. काकू वडगावची साडी तशीच नेसून बाजूला उकिडवी बसली होती आणि खड्यांचा रंग असा उतरताना बघत होती जसा ताप उतरताना बघतात.

तेवढ्यात पश्चिमेकडून आभाळ आलं. खाली रस्त्यावर रावजी तात्यांचा आनंद ऐकू आला, “येतोय, येतोय! उसाला बरं हुईल!” आणि वरून म्हाळसाआजी, जी दर वर्षी पावसासाठी देव पाण्यात ठेवते, ती मूठ उगारून ढगावर ओरडली, “थांब की रं मुडद्या, दोन घटका! तुला आजच मुहूर्त घावला व्हय?”

आणि त्याच वेळी फोन वाजला. काकूनं हात पुसून उचलला.

“सारजाबाई, आम्ही इंदापूरला साडीला आलोय, कळलं का? उद्या परत कुठं यायचं, म्हटलं जाता जाताच हार घेऊन जावा. तयारच असेल, कळलं का?”

काकू ‘व्हय’ म्हणाली. त्या ‘कळलं का’पुढं दुसरं काय निघणार?

आता सगळे आभाळाकडं बघायला लागलो. बिरदेवकाका जिन्यात उभा होता. आजीनं त्याला विचारलं, “बिरू, पडंल का रं?” तो म्हणाला, “बघू की,” आणि या वेळी ते उत्तर बरोबर होतं. सावली आली, सुपावरून सरकली, कुरडयांवरून सरकली. चार टपोरे थेंब पडले. आजीनं सूप पोटाशी धरलं. मग वारं फिरलं आणि सगळं आभाळ पळसदेवच्या बाजूला, उजनीच्या पाण्यावर निघून गेलं. मागं असं ऊन पडलं की डोळे दिपले.

उन्हं कलली तेव्हा गाडी आली. काकू सूप घेऊन ओट्यावर बसलेली. हार नव्हता. खडे होते, सुटे.

लीलाबाई पायरीवर थांबल्या. “हार कुठंय? आणि हे काय, कुरडया?”

काकूनं सगळं सांगितलं. न थांबता, खाली बघून. फक्त एक बदललं. “माझ्या हातनं भंडाऱ्यात ऱ्हायला,” असं म्हणाली.

“तिच्या न्हाय,” आतून आवाज आला. आजी बाहेर आली. “म्या पुरला. तिला ठावंबी नव्हतं. मला काय बोलायचं त्ये बोला.”

लीलाबाईंनी बोलायला तोंड उघडलंही होतं. पण ‘भंडारा’ शब्द कानावर पडल्याबरोबर त्यांचा उजवा हात आपोआप कपाळाला गेलेला, आणि हात कपाळाला असताना शिव्या देता येत नाहीत. त्यांची तशी अडचण झाली. हात खाली आला तेव्हा त्यांनी एक खडा उचलला, चष्मा वर करून पाहिला, चष्मा खाली करून पाहिला.

“हे आमचे न्हाईत.”

त्यांनी खडा परत सुपात टाकला.

“आमचे मळकट होते. सायीसारखे. हे बघा, मोगऱ्यासारखे पांढरे. असा दगड बाजारात किलोनं मिळतो. खराब झाले, म्हणून नवे आणून ठेवलेत तुम्ही. आम्ही काय खुळे आहोत, कळलं का?”

आणि खरंच, शेजारी उभं राहून बघितलं तर खडे आले होते तेव्हापेक्षा पांढरे होते. उन्हानं हळद नेली होती आणि हळदीबरोबर इतक्या वर्षांचा मळही नेला होता. काकूचा चेहरा उतरला. पिवळे असते तर निदान तेच आहेत हे तरी कळलं असतं.

आजी शपथेवर आली. “बिरोबाची आन हाय, माझ्या बिरूच्या…”

“शपता नगं, आत्याबाई,” काकू म्हणाली. तिनं सूप उचललं आणि लीलाबाईंपुढं नाही, स्वरूपापुढं ठेवलं. “ताई, तुमी बघा. तुमास्नी वळखू आलं न्हाय तर माझ्याकडं दुसरं सांगाया काय न्हाय.”

स्वरूपा ओट्यावर बसली, सूप मांडीवर घेतलं आणि एकेक खडा उचलून बघायला लागली. बघायची, ठेवायची. बघायची, ठेवायची. आळी जमली होती. सुपातले राहिलेले खडे कमी व्हायला लागले तशी काकू ओट्याचा खांब धरून उभी राहिली.

मग स्वरूपाचा हात थांबला.

“मुंगी,” ती म्हणाली.

खड्यात राखाडी रंगाची एक बारीक रेघ होती. दोन ठिकाणी फुगीर, पुढं दोन मिशा. नीट बघितलं तर मुंगीच.

“आई कुणाशी बोलत बसली की संपायचंच नाही तिचं. मग मी मांडीवर बसून तिच्या माळेतली ही मुंगी शोधायचे. सापडली की अंगठ्यानं दाबून धरायचे, पळून जाईल म्हणून.” आता बोलतानाही तिचा अंगठा त्या खड्यावरच होता. “आत्या, बघ ना.”

लीलाबाईंनी चष्मा पुसला. खडा डोळ्यापाशी नेला. “आगं बाई,” त्या म्हणाल्या, “मुंगीच की.” आणि पुढं काही नाही. वाक्याला अडसरच लागला नाही. मग त्यांनी खडा पोरीच्या हातात ठेवला, नाक ओढलं, आणि काकूकडं न बघता म्हणाल्या, “वहिनीची बडबड म्हणजे खरंच. दूध उतू जायचं, पण ती बोलायची थांबायची न्हाई.”

काकूनं खांब सोडला. आणि जो श्वास सोडला तो आमच्या आईच्या म्हणण्याप्रमाणे कालपासून धरलेला होता.

“भोकाच्या आत जराशी पिवळाई ऱ्हायलीया,” ती म्हणाली. आता तिला सगळंच सांगून टाकायचं होतं. “तितवर ऊन पोचत न्हाय.”

“राहू दे,” स्वरूपा म्हणाली. “त्यात दोरा जाणार.”

हार तिथंच ओवायला घेतला. लीलाबाईंना चहा झाला, दुसरा झाला. काकूची पक्कड अशी चालत होती की पुण्याच्या मॅडमनी हलका हात म्हणजे काय ते येऊन बघावं. मुंगीचा खडा कुठं, असं तिनं विचारलं. मधोमध घालू का, लोकांना दिसंल असा? स्वरूपा म्हणाली, नको. डाव्या बाजूला, वर, जिथं अंगठा सहज पोचेल तिथं. आजी सुपातून एकेक खडा निवडून सुनेच्या हातात देत होती आणि प्रत्येक देताना म्हणत होती, “ह्यो घे. ह्यो ब्येस पांढरा झालाय.” हुक बसला. स्वरूपानं ड्रेसवरच हार घातला आणि डबी रिकामीच पर्समध्ये टाकली. गाडीत बसेपर्यंत तिनं तो काढला नाही. गाडी वळली तेव्हा काचेतून दिसलं, तिचा डावा अंगठा मानेपाशीच होता.

गाडी गेल्यावर काकू ओट्यावर मटकन बसली. वडगावची साडी पाण्याच्या हबक्यांनी आणि हळदीनं पार खराब झालेली. आजीनं तिला उठूच दिलं नाही. स्वतः चुलीपुढं गेली, कोरड्यासाला डाळीचं कालवण टाकलं, आणि जरा वेळानं भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला, तो थांबेचना.

“आणि एक टाकू का गं?”

“टाका.”

“आणि?”

“टाका की, आत्याबाई. इचारताय कशाला?”

थोडा वेळ नुसती थापटी. मग आजी म्हणाली, “पीठ संपलं बया.”

“बरं मग,” तोंड भरलेलं असताना येतो तसा काकूचा आवाज आला, “कोरड्यास तरी वाढा.”